प्लॅस्टिकविना मातीचे शेततळे : गळती कुठून होते आणि ती बांधतानाच कशी रोखावी?

डाळिंबवाला_पारनेर

नमस्कार मंडळी. पारनेर तालुक्यात आमची साडेचार एकर जमीन आहे; तीत मुख्यतः डाळिंब आणि थोडा कांदा असतो. वरच्या माळावरून पावसाळ्यात वाहून जाणारे पाणी अडवण्यासाठी ३० × ३० × ३ मीटरचे शेततळे घेण्याचे ठरवले आहे. आमच्या शिवारातील बहुतेकांनी तळ्यात ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद अंथरला आहे, परंतु माझे मन त्याला तयार होत नाही. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या तळ्यात पाण्यासाठी उतरलेली दोन कुत्री त्या निसरड्या कागदावरून वर येऊ शकली नाहीत आणि बुडाली. आमच्या घरी लहान मुले आहेत. शिवाय गुरे कडेने पाण्यात उतरू शकतील आणि जमल्यास मासेही सोडता येतील, असे तळे मला हवे आहे.

जागेला थोडा उतार आहे. तीन बाजू खोदाईत येतील आणि चौथ्या, खालच्या बाजूला भराव घालावा लागेल. वर दीड-दोन फूट काळी माती आणि त्याखाली मुरूम आहे. पोकलेनवाला म्हणतो, “मुरूम लागला की पाणी थांबत नाही, उगाच नाद करू नका.” त्याचे म्हणणे खरे मानावे का? मातीचेच तळे करायचे असेल, तर मशीन लावण्यापूर्वी काय तपासावे?

निवृत्त_उपअभियंता

आपला पोकलेनवाला अर्धे खरे बोलत आहे. ‘मुरूम’ हा एकच शब्द आपण निदान चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. खडक कुजून जवळजवळ माती झालेला पिवळसर मुरूम चांगला दाबला, तर पाणी बऱ्यापैकी धरतो. हातात घेतल्यावर खड्यांसारखा सुटा पडणारा मुरूम मात्र चाळणीसारखा असतो. त्याखाली मांजऱ्या खडक लागला आणि त्याच्या फटी उघड्या असल्या, तर पाणी खाली आणि आडवे अशा दोन्ही दिशांनी पळते. याउलट दोन खडकांच्या थरांमध्ये कधी कधी गेरूचा लाल पट्टा सापडतो; तो चिकट असल्याने पाणी अडवतो. हे सगळे तीन मीटर खोलीच्या आत, एकाच शेतात, वीस पावलांच्या अंतरावर बदललेले मी पाहिले आहे.

म्हणून तळ्याच्या जागेत किमान चार परीक्षण खड्डे घ्या आणि ते नियोजित तळापेक्षा एक मीटर अधिक खोल न्या. थर बदलेल तसा त्याचा नमुना वेगळ्या पिशवीत ठेवून पिशवीवर खोली लिहा. मग प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी फूटभर पाणी भरा. पहिले पाणी कोरडी माती पिते, म्हणून ते मोजू नका. दुसऱ्यांदा भरा आणि रात्रभरात किती उतरले ते पाहा. चारही खड्ड्यांत पाणी बहुतांशी टिकले, तर आपले भाग्य. एकाच खड्ड्यात ते नाहीसे झाले, तर तळे दहा-पंधरा मीटर सरकवण्याचा विचार आधी करा. जागा बदलणे हा गळतीवरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि तो फक्त खोदण्यापूर्वीच करता येतो.

कागदप्रेमी

मी स्पष्ट बोलतो, राग नसावा. मातीच्या तळ्याचे हे कौतुक ऐकायला छान वाटते, पण आमच्या भागात ‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ मध्ये सुरू झाल्यानंतर अस्तर न घालता खोदलेली कितीतरी तळी दिवाळीपूर्वीच कोरडी पडली. कागद टाकला की प्रश्न मिटतो. कुंपण घाला, दोरखंड आणि हवा भरलेली ट्यूब तळ्यात सोडून ठेवा, म्हणजे बुडण्याची भीतीही बरीच कमी होते.

मृद_रसायन

आपला अनुभव खोटा नाही. ती तळी गळली, पण मातीची होती म्हणून नव्हे. ती नुसती खोदलेली होती, बांधलेली नव्हती. खड्डा खोदणे आणि तळे बांधणे यांत जो फरक आहे, त्याचाच हा धागा आहे.

डाळिंबवाले दादा, आपल्याकडे वर काळी माती आहे, हे सर्वांत मोठे भांडवल समजा. ती पोकलेनने मुरुमात कालवून भरावात टाकू देऊ नका. वेगळी काढून ढीग करा. त्यातही मुळे आणि काडीकचरा असलेला वरचा अर्धा फूट बाजूला ठेवा. तळ आणि बाजूंवर दाबून बसवायच्या अस्तरासाठीच्या मातीत निदान २० टक्के चिकण कण असावेत. प्रयोगशाळेत कणांचे पृथक्करण करून घेतले तर उत्तमच, पण घरीही अंदाज येतो. माती भिजवून कणकेसारखी मळा आणि तळहातावर तिची वळी करा. पेन्सिलच्या निम्म्या जाडीची वळी न तुटता झाली, तर चिकण अंश पुरेसा आहे.

मात्र काळ्या मातीचा एक दुर्गुण आपण सगळे जाणतो. ती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. ऑगस्टमध्ये थेंबही न सोडणारे अस्तर एप्रिलमध्ये उघडे पडून तडकते आणि जूनच्या पहिल्या पाण्याला त्या भेगांतून थेट मुरुमाची वाट मिळते. काही भेगा भिजल्यावर मिटतात, परंतु पाण्याबरोबर रेती किंवा मुरमाचे खडे आत गेले असतील तर त्या पूर्ण मिटत नाहीत. म्हणून काळ्या मातीच्या अस्तरावर १५ सेंटिमीटर बारीक, न फुगणाऱ्या मुरुमाचे पांघरूण घालावे. ते ऊन अडवते, गुरांच्या खुरांपासून अस्तर वाचवते आणि वरून वजनही देते. फुगणाऱ्या मातीवरील कालव्यांसाठी मुंबई आयआयटीच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा थर वापरण्याची जी पद्धत विकसित केली, तिचा आकार आणि हेतू वेगळा होता. तरी काळ्या मातीला मोकळे सोडू नये, ही समज दोन्हीकडे समान आहे.

निवृत्त_उपअभियंता

मृद_रसायन ताईंच्या म्हणण्यात मी आकाराची गोष्ट जोडतो, कारण तिच्याकडे कोणी पाहत नाही. सरकारी नमुन्यातील ३० × ३० × ३ मीटरच्या तळ्याचे उतार एकास एक असतात, तळ २४ × २४ मीटर येतो आणि साठा २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर बसतो. हा उतार टणक मुरुमात किंवा कागदाखाली चालतो. त्यावर मातीचे अस्तर चढवले, तर ते एक तर दाबले जात नाही, कारण रोलर त्या उतारावर चालतच नाही, किंवा पहिल्या पावसात घसरून तळाशी बसते. मातीच्या अस्तरासाठी दोनास एक, म्हणजे दोन मीटर आडवे आणि एक मीटर उभे, यापेक्षा उभा उतार ठेवू नये. मग तळ १८ × १८ मीटर होतो आणि साठा १,७६४ घनमीटरवर येतो. सुमारे २० टक्के साठा कागदोपत्री कमी झाला. पण जे पाणी राहतच नाही ते मोजून उपयोग काय?

आता मातीचा हिशेब. दोनास एक उताराने तळ आणि चारही बाजू मिळून सुमारे ९७० चौरस मीटर क्षेत्र होते. त्यावर दाबून ३० सेंटिमीटर अस्तर म्हणजे २९० घनमीटर, साधारण १०२ ब्रास दाबलेली माती. सुटी मोजली तर १३० ब्रासच्या आसपास धरा. आपल्या जागेवरच्या थरातून एवढी निघते का, हे परीक्षण खड्ड्यांवरूनच कळेल. निघत नसेल आणि पाच-सात किलोमीटरवरून आणावी लागणार असेल, तर कागदप्रेमी यांचे गणित बरोबर ठरू शकते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. अस्तर आणि पांघरूण यांची जाडी मिळून खोदाई ४५ सेंटिमीटर अधिक घ्यायला विसरू नका.

राहिली दाबाई. पोकलेन चार वेळा फिरवले की माती बसली, असे सर्रास समजले जाते. पोकलेनचे पट्टे रुंद असतात आणि त्याचे वजन त्यांवर पसरते. ते यंत्र चिखलात रुतू नये म्हणूनच तसे बनवलेले असते. चिकण मातीला नुसते चेपून भागत नाही, ती मळावी लागते. शीपफूट रोलर (खुरांसारखे उंचवटे असलेला) मिळाला तर सर्वोत्तम, नाहीतर भरलेली ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर चाकोरी बदलत बदलत फिरवा. सुटी माती २० सेंटिमीटरपेक्षा जाड टाकू नका. ती दाबून १५ होईल. प्रत्येक थरावर किमान सहा फेऱ्या द्या आणि पुढचा थर टाकण्यापूर्वी खालचा थर नांगराच्या फाळाने किंवा दाताळ्याने ओरबाडून ओला करा. गुळगुळीत थरावर दुसरा थर टाकला, तर पाण्याला दोन थरांमध्ये आयती सांध मिळते.

ओलावा मुठीने ओळखावा. मूठ आवळल्यावर गोळा व्हावा, तळहात ओला होऊ नये, आणि तो गोळा कमरेच्या उंचीवरून टाकला तर दोन-तीन तुकडे व्हावेत. भुगा झाला तर माती कोरडी आहे. चपटा होऊन चिकटला तर एक दिवस थांबा. ढेकळे मात्र आधी फोडलीच पाहिजेत. कोरडे ढेकूळ वरून चेपलेले दिसते, पण त्याच्या भोवती पोकळी राहते.

खारपाणकर

आमच्याकडे, म्हणजे अकोला जिल्ह्यातील खारपाणपट्ट्यात, चित्र उलटे आहे. येथील चोपण जमिनीत सोडियम जास्त असल्याने पाणी मुरतच नाही आणि अस्तर न घातलेली तळीही पाणी धरून ठेवतात. पण त्याच मातीचा बांध घातला की दोन पावसाळ्यांत त्यात बोगदे पडतात. पाण्याचा बारीकसा पाझर सुरू झाला की मातीचे कण त्यात विरघळल्यासारखे वाहून जातात. बाहेरून बांध धडधाकट दिसतो आणि आतून पोखरलेला असतो.

तपासणी अगदी सोपी आहे. मातीचा वाटाण्याएवढा खडा पावसाच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात अलगद सोडा आणि हलवू नका. खडा ढासळून खाली पसरला आणि पाणी स्वच्छ राहिले तर चिंता नाही. खड्याभोवती दुधासारखा ढग पसरू लागला, तर ती माती भरावाच्या बांधात वापरू नका, निदान जिप्सम मिसळल्याशिवाय तरी नाही. बोअरचे पाणी या चाचणीला घेऊ नये, त्यातील क्षारांमुळे खोटा निकाल येतो.

मृद_रसायन

खारपाणकरांनी फार मोलाची गोष्ट सांगितली. तिचीच दुसरी बाजू अशी की पारनेरसारख्या भागातील चुनखडीयुक्त काळ्या मातीत कॅल्शियममुळे कणांचे पुंजके होतात आणि त्या पुंजक्यांमधून पाणी झिरपते. तेथे तळाच्या अस्तरात धुण्याचा सोडा प्रति चौरस मीटर अर्धा ते एक किलो या प्रमाणात वरच्या १५ सेंटिमीटर मातीत मिसळून दाबल्यास पुंजके मोडतात आणि झिरप घटते. खारपाणपट्ट्यात जो दोष आहे, तोच येथे थोड्या प्रमाणात औषध ठरतो. मात्र हा प्रयोग फक्त तळात करावा. खालच्या बाजूच्या भरावात सोड्याचा कणही जाऊ देऊ नये.

जांभ्यावरचा

आमच्या रत्नागिरीत जांभ्याच्या सड्यावर हे काही चालत नाही. जांभा इतका सच्छिद्र असतो की चिकण माती चाळीस किलोमीटरवरून आणावी लागते. आम्ही निमूटपणे कागद टाकतो. पण खालच्या खलाटीत मातीचे बांध आहेत आणि तेथे खेकड्यांकडे लक्ष ठेवावे लागते. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटल्यावर त्याचा दोष खेकड्यांना दिला गेला आणि तो विषय राज्यभर थट्टेचा झाला. त्या धरणाच्या वादात मी शिरत नाही, मात्र मीटर-दीड मीटर जाडीच्या लहान बांधाला खेकड्याचे किंवा घुशीचे एक बीळ खरोखर आरपार पुरते. बांधावर गवत कापलेले ठेवा, म्हणजे बिळे दिसतात.

झाडीपट्टीकर

भंडारा-गोंदियाकडील मामा (माजी मालगुजारी) तलाव अनेकांनी पाहिले असतील. कोहळी समाजाने बांधलेल्या त्या तलावांच्या मातीच्या पाळी कित्येक पिढ्यांनंतरही उभ्या आहेत. त्यांतून मला समजलेली एक गोष्ट येथे उपयोगी पडेल. जुना तलाव केवळ पाळीमुळे पाणी धरत नाही, तर दरवर्षी तळाशी बसणाऱ्या बारीक गाळाने त्याचे पोट लिंपले जाते. आमच्या शेजारच्या गावात उत्साहाच्या भरात गाळ काढताना मशीन थेट खालच्या मुरुमापर्यंत नेले आणि तलाव पुढच्या वर्षी पूर्वीपेक्षा लवकर आटला. पाझर तलावात हे चालेल, तेथे पाणी मुरणेच अपेक्षित असते. साठवणीच्या तळ्यात मात्र शेवटचा वीतभर गाळ राहू द्यावा.

नव्या तळ्यात हा लेप नसतो, म्हणून पहिल्या वर्षाच्या गळतीवरून तळ्याला नावे ठेवू नयेत. आमचे वडीलधारे पाणी थोडे असताना म्हशी आत सोडत आणि त्यांच्याकडून तळ तुडवून घेत. धानाच्या बांधीत चिखलणी केल्यावर पाणी का टिकते, ते ज्याला ठाऊक आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

डाळिंबवाला_पारनेर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चार खड्डे घेतले. तीन खड्ड्यांत सव्वा ते दीड मीटर काळी आणि पिवळट चिकण माती निघाली, म्हणजे माझ्या अंदाजाच्या दुपटीहून अधिक. त्याखाली कुजलेला मुरूम आहे आणि रात्रभरात पाणी बोटभरच उतरले. ईशान्येकडील चौथ्या खड्ड्यात मात्र पाऊण मीटरवरच सुटा मुरूम लागला आणि सकाळी खड्डा कोरडा होता. त्यामुळे तळे नैर्ऋत्येला बारा मीटर सरकवले. पेल्यातील चाचणीत पाणी स्वच्छ राहिले. उतार दोनास एक ठेवत आहे.

आता प्रश्न भरावाचा. खालच्या बाजूने पाणी सायफनशिवाय मिळावे म्हणून बांधातून चार इंची पीव्हीसी पाइप काढावा, असा विचार आहे. त्यात धोका आहे का?

निवृत्त_उपअभियंता

धोका आहे, आणि माझ्या नोकरीच्या काळात पाहिलेल्या लहान तलावांच्या बहुतेक गळत्या भरावाच्या पोटातून नव्हे, तर सांध्यांतून झालेल्या होत्या. जुनी जमीन आणि नवा भराव यांचा सांधा, खोदाईची बाजू आणि भरावाची बाजू मिळते तो कोपरा, आणि पाइपभोवतालची माती, अशा तीन जागा डोळ्यांत तेल घालून पाहाव्या लागतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हाही पाणी सोडण्याच्या मोरीवरचा भराव खचत गेला होता. आपल्या तळ्याची तुलना त्याच्याशी नाही, पण पाणी कमकुवत जागा शोधते ती अशीच.

बांधाच्या जागेवरची मुळांसकट माती ३० सेंटिमीटर काढून टाका. मध्यभागी एक मीटर रुंद चर खणून तो कुजलेल्या टणक मुरुमात निदान अर्धा मीटर उतरवा आणि त्यात काळ्या मातीचा गाभा तळापासून थराथराने दाबत वर आणा. गाभ्याच्या दोन्ही अंगांना मुरूम घाला. माथा दोन मीटर रुंद ठेवा, भरलेल्या पाण्यापासून माथ्यापर्यंत अर्धा मीटर मोकळा सोडा आणि बांध बसणार हे गृहीत धरून उंची दहा टक्के जास्त घ्या. सांडवा भरावात काढू नका, तो खोदाईच्या टणक बाजूला काढून दगडाने बांधा.

पाइपच्या गुळगुळीत अंगाला माती धरत नाही आणि त्याच्या पोटाखाली धुम्मस (माती ठोकण्याचे अवजार) पोहोचत नाही. माझा सल्ला मागाल तर पाइप काढूच नका. बांधावरून मोटार किंवा सायफन ठेवा. काढायचाच असेल, तर त्याला आडव्या काँक्रीटच्या दोन कॉलर घाला, खालची पोकळी हाताने ओली माती ठासून भरा आणि बाहेरच्या तोंडाकडील एक-दीड मीटर भागात पाइपभोवती स्वच्छ रेतीची गाळणी द्या. पाझर आलाच तरी तो माती न आणता बाहेर पडेल. बांधावर बाभूळ, सुबाभूळ काही लावू नका. हरळी किंवा वाळा लावा.

डाळिंबवाला_पारनेर

ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा लिहीत आहे. पाइप काढला नाही. तळे गणपतीच्या आठवड्यात भरून सांडले. त्यानंतर मात्र पाणी उतरू लागले आणि घरात ‘आम्ही सांगत होतो’ सुरू झाले. कागदप्रेमी यांना आनंद होईल.

मग मी मोजमाप केले. पाण्यात पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवली, म्हणजे तिला तेच ऊन आणि तोच वारा लागेल. बादलीत आणि तळ्यात खुणा केल्या. पाऊस नसलेल्या तीन दिवसांची सरासरी काढली. तळे रोज २२ मिलिमीटर उतरत होते आणि बादली ६. म्हणजे १६ मिलिमीटर गळती. ९०० चौरस मीटर पृष्ठभागावर ती रोज १४,४०० लिटर होते. बांधाच्या बाहेरच्या पायथ्याशी कुठेही ओल नव्हती.

निवृत्त_उपअभियंता

बाहेर ओल नाही आणि एवढी गळती आहे, तर रोज खूण करत राहा. पाणी एका विशिष्ट पातळीच्या खाली गेल्यावर उतरण्याचा वेग एकदम मंदावला, तर दोष त्या पातळीवर आहे. वेग शेवटपर्यंत सारखा राहिला, तर दोष तळात समजा.

डाळिंबवाला_पारनेर

आपले म्हणणे तंतोतंत पटले. पाणी माथ्यापासून ९० सेंटिमीटर खाली गेल्यावर रोजची घट ९ मिलिमीटरवर आली, तेव्हा बादली ५ मिलिमीटर उतरत होती. वरच्या उघड्या पट्ट्याची पाहणी केली, तेव्हा ईशान्य कोपऱ्यात, खोदाईची बाजू संपून भराव सुरू होतो तेथे, अस्तर जेमतेम चार बोटे जाड असल्याचे दिसले. काम संपत आले होते, ट्रॅक्टरवाला घाईत होता आणि त्या संध्याकाळी मी बाजारात कांदा घेऊन गेलो होतो.

फेब्रुवारीत तो सुमारे ४० चौरस मीटरचा भाग पायऱ्या पाडून मुरुमापर्यंत उकरला. बेंटोनाइट या भिजल्यावर फुगणाऱ्या चिकण मातीच्या ५० किलोच्या आठ गोण्या, म्हणजे प्रति चौरस मीटर १० किलो, काळ्या मातीत कोरड्याच कालवल्या, पाणी शिंपडून दोन थर धुम्मसाने ठोकले आणि वर मुरूम पांघरला. बेंटोनाइट घेताना दुकानदाराकडून सोडियमचे असल्याची खात्री करून घेतली आणि घरी चमचाभर पाण्यात टाकून ते फुगते का ते पाहिले. एका ओळखीच्यांनी ते भरलेल्या तळ्यात वरूनच फेकण्याचा सल्ला दिला होता. तो मी मानला नाही.

तळाशी फूटभर पाणी मुद्दाम राखून ठेवले आहे, म्हणजे अस्तर भेगाळणार नाही. त्यात सध्या गुरे उतरतात. पाऊस लागून तळे भरले की बादली पुन्हा पायरीवर ठेवीन आणि आकडे येथेच लिहीन.